सोरायसिसचे सूक्ष्मदर्शकाखालील रूप : नियम आणि अपवाद यांचा इतिहास

सारांश

सोरायसिस हा त्वचेचा सर्वत्र आढळणारा दाहजन्य विकार होय. त्याचे सूक्ष्मदर्शकाखालील 'नमुनेदार' चित्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाले. प्रस्तुत लेखात या चित्राच्या जडणघडणीचा व त्यात न बसणाऱ्या लक्षणांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. संशोधकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुणांपैकी कोणतीही खूण सोरायसिसमध्ये नेहमीच आढळते, किंवा केवळ सोरायसिसमध्येच आढळते, असे नाही. त्याउलट ज्या लक्षणांची नोंद प्रारंभी अपवाद म्हणून झाली, त्यांनीच या रोगाच्या कारणमीमांसेला दिशा दिली. कुष्ठरोगाशी झालेल्या नामसाधर्म्याच्या पार्श्वभूमीवर या इतिहासाला सामाजिक बाजूही आहे. तिचाही येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सोरायसिस, ऊतिविकृतिशास्त्र, कुष्ठरोग, मन्रो, कोगोय, गोवा पावडर, निदान.

१. प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास लिहिताना मोठे शोध, साथीचे रोग आणि लसी यांच्याकडे अभ्यासकाचे लक्ष सहज जाते. ज्या रोगाने सहसा मृत्यू येत नाही, पण जो माणसाला वर्षानुवर्षे चारचौघांत अंग झाकून वावरायला लावतो, अशा रोगाच्या इतिहासाकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. सोरायसिस हा असा रोग आहे. कोपर, गुडघे, कंबर व डोक्याची त्वचा या ठिकाणी जाड, लालसर चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी खवले धरतात. सावळ्या त्वचेवर ही लाली फारशी दिसत नाही. तेथे चट्टा जांभळट किंवा काळपट वाटतो. रोग संसर्गजन्य नाही. तरीही हा चट्टा पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती 'हे लागट तर नसेल?' अशीच.

या शंकेचे निरसन करण्याचे एक साधन म्हणजे बायॉप्सी. त्वचेचा छोटा तुकडा काढून त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की रोगाची ओळख पटते अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बऱ्याच अंशी खरी असली तरी पूर्णतः खरी नाही. काचेवरचे चित्र पाठ्यपुस्तकातील चित्राशी जुळत नाही असे प्रसंग वारंवार येतात. अशा वेळी चित्र चुकीचे मानायचे की पाठ्यपुस्तक अपुरे मानायचे? सोरायसिसच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे टप्प्याटप्प्याने बदलत गेलेली दिसतात. त्या बदलांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. नावांचा गुंता : लेप्रा, सोरा आणि कुष्ठ

सूक्ष्मदर्शकाचा विचार करण्यापूर्वी नावाचा विचार करणे आवश्यक आहे, कारण या रोगाची पहिली अडचण नावाचीच होती. प्राचीन ग्रीक वैद्यकात 'लेप्रा' हा शब्द खवले धरणाऱ्या त्वचाविकारांसाठी, तर 'सोरा' हा शब्द खाजेच्या विकारांसाठी योजला जात असे. आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो त्याला ग्रीक वैद्य 'एलिफँटियासिस' म्हणत. हिब्रू धर्मग्रंथातील अशुद्धतेशी जोडलेल्या त्वचाविकारासाठी ग्रीक भाषांतरात 'लेप्रा' हा शब्द आला. पुढे मध्ययुगात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले, तेव्हा खऱ्या कुष्ठरोगालाही तोच शब्द लागला. परिणामी खवल्यांचा निरुपद्रवी विकार, धर्मग्रंथातील अशुद्धता आणि अवयव झडणारा रोग या तीन भिन्न गोष्टी एकाच शब्दात येऊन बसल्या.

आपल्याकडील परिस्थितीही काही प्रमाणात समांतर आहे. आयुर्वेदात 'कुष्ठ' ही संज्ञा व्यापक आहे. चरकसंहितेत सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे असे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एककुष्ठ, किटिभ या प्रकारांची वर्णने आधुनिक अभ्यासक सोरायसिसशी ताडून पाहतात. मात्र संज्ञेची ही व्यापकता लोकव्यवहारात लोपली आणि 'कुष्ठ' म्हणजे महारोग एवढाच अर्थ उरला. शास्त्रातील वर्गवाचक शब्द समाजात कलंकवाचक झाला, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

हा गुंता सोडवण्याचा पद्धतशीर प्रयत्न लंडनमधील वैद्य रॉबर्ट विलन यांनी केला. व्हिएन्नाच्या प्लेंक यांनी १७७६ मध्ये त्वचारोगांची विभागणी चट्टा, पुरळ, फोड, खवला अशा दृश्य घटकांच्या आधारे केली होती. विलन यांनी तीच पद्धत विकसित केली आणि १८०८ च्या आपल्या ग्रंथात खवल्यांच्या रोगांचे काटेकोर वर्णन केले. त्यांचे निरीक्षण इतके अचूक होते की आजचा वाचकही त्यावरून सोरायसिस ओळखू शकतो. परंतु त्यांनी या एकाच रोगाची 'लेप्रा' आणि 'सोरायसिस' अशा दोन नावांखाली विभागणी केली. वर्तुळाकार चट्टे ते लेप्रा आणि अनियमित चट्टे ते सोरायसिस, असा ढोबळमानाने तो भेद होता. वर्णन सुधारले, पण 'लेप्रा' हे नाव कायम राहिले.

व्हिएन्नाचे फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये हे दोन्ही विकार एकच असल्याचे दाखवले, सोरायसिस हे नाव कायम केले आणि लेप्रा हा शब्द त्यापासून वेगळा काढला. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. रोगांचे हे वेगळेपण सूक्ष्मदर्शकाने सिद्ध झाले नाही. रुग्णालयात असंख्य रुग्णांचे दीर्घकाळ निरीक्षण केल्यावर एकाच रुग्णाचे वर्तुळाकार चट्टे कालांतराने अनियमित होतात, हे पाहून ते सिद्ध झाले. काळाच्या ओघात रोग कसा बदलतो हे डोळ्यांना दिसले होते. काचेवरच्या कापाला ते दिसायला आणखी सुमारे एकशेचाळीस वर्षे लागली.

३. सूक्ष्मदर्शकाचा प्रवेश

त्वचेच्या रोगांचा शरीररचनेच्या आधारे अभ्यास करणारा पहिला महत्त्वाचा ग्रंथ बर्लिनच्या गुस्टाव्ह सिमोन यांनी १८४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी ऊतींचे काप हाताने घेतले जात आणि रंगद्रव्यांचा वापर प्राथमिक अवस्थेत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेणात ऊती बसवण्याची पद्धत, यांत्रिक कर्तनयंत्र आणि हिमॅटॉक्सिलीन-इओसीन ही रंगद्रव्ये यांचा प्रसार झाला. पेशीचे केंद्रक निळे आणि बाकीचा भाग गुलाबी दिसू लागला. याच तंत्राच्या आधारे हॅम्बुर्गचे पाउल गेर्सन उन्ना यांनी १८९४ मध्ये त्वचारोगांच्या ऊतिविकृतिशास्त्रावरील आपला बृहद्ग्रंथ सिद्ध केला.

या सुमारास सोरायसिसचे जे चित्र आकारास आले त्याचे स्वरूप थोडक्यात असे आहे. बाह्यत्वचा जाड होते आणि तिची बोटांसारखी टोके समान लांबीने खाली उतरतात. त्या बोटांच्या मधल्या अंतस्त्वचेच्या उंचवट्यांत केशवाहिन्या रुंद व नागमोडी होतात आणि त्यांच्यावरचा बाह्यत्वचेचा थर पातळ होतो. निरोगी त्वचेत सर्वांत वरच्या शृंगस्तरात पोहोचेपर्यंत पेशींची केंद्रके नाहीशी झालेली असतात. सोरायसिसमध्ये ती तशीच राहतात. या स्थितीला पॅराकेराटोसिस म्हणतात. त्याखालचा कणिकास्तर विरळ किंवा नाहीसा होतो. रुग्णाच्या अंगावरून पडणारा चंदेरी कोंडा म्हणजे या अपक्व पेशींचे, मध्ये हवा कोंडलेले थर होत.

या सर्व बदलांचे कारण पुढे १९६३ मध्ये व्हॅन स्कॉट आणि एकेल यांच्या अभ्यासातून स्पष्ट होऊ लागले. सोरायसिसच्या चट्ट्यात विभाजन पावणाऱ्या पेशींची संख्या कितीतरी पटींनी वाढलेली असते. एरवी ज्या प्रवासाला आठवडे लागतात तो पेशी काही दिवसांत पुरा करतात. पक्व होण्यास त्यांना अवधीच मिळत नाही.

४. नामांकित खुणा आणि त्यांचे मर्यादित सामर्थ्य

प्रत्येक शास्त्राप्रमाणे त्वचाविज्ञानातही शोधकर्त्यांची नावे खुणांना देण्याची प्रथा आहे. सोरायसिसशी अशी तीन नावे विशेषत्वाने जोडलेली आहेत.

पहिले नाव हेब्रांचे शिष्य हाइनरिश आउसपिट्झ यांचे. चट्ट्यावरचा खवला खरवडून काढल्यास टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. या खुणेला त्यांचे नाव मिळाले, तथापि तिची नोंद त्यांच्या आधीच्या वैद्यांनीही केलेली होती. पातळ झालेल्या थराखालील रुंद केशवाहिन्या उघड्या पडल्यामुळे हे घडते, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची रचनाच येथे उघड्या डोळ्यांना दिसते, असे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवले गेले. स्पष्टीकरण सुबक असल्याने खूण सार्वत्रिक असावी असे गृहीत धरले गेले. १९९० मध्ये बर्नहार्ड यांनी प्रत्यक्ष पडताळणी केली, तेव्हा सोरायसिसच्या २३४ रुग्णांपैकी केवळ ४१ जणांत ती आढळली. शिवाय ती इतर विकारांतही दिसते. एका शतकाहून अधिक काळ परीक्षेत विचारल्या गेलेल्या खुणेची मोजणी करण्यास इतका उशीर लागावा, ही गोष्ट अध्यापनाच्या क्षेत्रातील सर्वांनीच विचारात घेण्याजोगी आहे.

दुसरे नाव विल्यम जॉन मन्रो यांचे. या ऑस्ट्रेलियन वैद्याने १८९८ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केलेल्या टिपणात शृंगस्तरातील न्यूट्रोफिल या श्वेतपेशींच्या सूक्ष्म साठ्यांचे वर्णन केले. ते 'मन्रोचे सूक्ष्मविद्रधी' म्हणून ओळखले जातात. वास्तविक ही खूण त्या काळच्या कल्पनेला धक्का देणारी होती. न्यूट्रोफिल म्हणजे पू आणि पू म्हणजे जंतुसंसर्ग, असे समीकरण रूढ असताना जंतूविना जमलेला हा पू कोठून आला, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर तत्काळ मिळाले नाही. खूण मात्र निदानाचे प्रमाणपत्र म्हणून रूढ झाली. परंतु सर्वच कापांत ती सापडत नाही. जुन्या किंवा मलम लावलेल्या चट्ट्यांत ती अनेकदा नसते.

तिसरे नाव झाग्रेबचे फ्रान्यो कोगोय यांचे. त्यांनी १९२७ मध्ये बोटांच्या टोकांना पुटकुळ्या आणणाऱ्या हॅलोपो यांच्या विकाराचा अभ्यास करताना एक निराळी रचना नोंदवली. न्यूट्रोफिल पेशी बाह्यत्वचेच्या पेशींच्या मधोमध घुसतात आणि उरलेल्या पेशीभित्तींचे स्पंजासारखे जाळे तयार होते. हीच कोगोयची स्पंजरूप पूयिका. ती पुष्कळशी विशिष्ट मानली जाते. परंतु कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गात आणि जिभेवर नकाशासारखे चट्टे उमटणाऱ्या विकारातही ती आढळते.

तिन्ही खुणांची गत सारखीच आहे. त्या असल्या तर उपयोगी पडतात, पण त्यांचा अभाव काहीही सिद्ध करीत नाही आणि त्यांचे अस्तित्वही एकट्याने पुरेसे ठरत नाही.

५. गोवा पावडर : एका चुकीच्या निदानाची फलश्रुती

या ठिकाणी महाराष्ट्र व गोमंतकाशी थेट संबंध असलेल्या एका प्रसंगाचा उल्लेख करणे उचित ठरेल. एकोणिसाव्या शतकात गोवा व मुंबई भागात गजकर्णावर, म्हणजेच नायट्यावर, एक तपकिरी-पिवळी भुकटी वापरली जात असे. मुंबईतील औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी १८६४ मध्ये लंडनच्या औषधशास्त्रीय नियतकालिकातून तिच्याकडे लक्ष वेधले. गोवा पावडर या नावाने ती प्रसिद्ध झाली, तरी तिचे मूळ गोव्यात नव्हते. ब्राझीलमधील बाहिया येथील वैद्य दा सिल्व्हा लिमा यांनी १८७५ च्या सुमारास दाखवून दिले की ही भुकटी म्हणजे ब्राझीलमधील एका वृक्षाच्या खोडात साचणारा 'अरारोबा' हा पदार्थ होय. पोर्तुगीज साम्राज्याच्या समुद्रमार्गाने तो गोमंतकात पोहोचला होता.

१८७६ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमानो स्क्वायर यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाने आपला विकार गजकर्ण समजून ही पावडर लावली होती आणि त्याला गुण आला होता. विकार होता सोरायसिस. स्क्वायर यांनी त्यावरून या पावडरीतील घटकाचे मलम सोरायसिससाठी प्रचारात आणले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, गालेव्स्की व उन्ना यांनी तिच्याशी रासायनिक साम्य असलेले कृत्रिम संयुग सोरायसिससाठी वापरात आणले. तेच डिथ्रॅनॉल होय. विसाव्या शतकात दीर्घकाळ ते या रोगावरील प्रमुख बाह्योपचारांपैकी एक राहिले.

या प्रसंगाचा सूक्ष्मदर्शकाशीही संबंध आहे. डोळ्यांना जसा गजकर्ण आणि सोरायसिस यांत भ्रम होतो, तसाच तो काचेवरही होतो. बुरशीच्या संसर्गातही शृंगस्तरात केंद्रके टिकून राहू शकतात आणि न्यूट्रोफिल जमू शकतात, म्हणजेच मन्रोच्या सूक्ष्मविद्रधीसारखे चित्र दिसू शकते. नेहमीच्या रंगात बुरशीचे तंतू सहज दिसत नाहीत. १९५० च्या सुमारास पीएएस ही रंजनपद्धती त्वचेतील बुरशीसाठी वापरात आली आणि हे तंतू किरमिजी रंगात स्पष्ट दिसू लागले. आजही शृंगस्तरात न्यूट्रोफिल दिसल्यास सोरायसिसचे निदान लिहिण्यापूर्वी हा रंग करून पाहणे, ही काळजी घेणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञांची रीत आहे. आपल्या उष्ण व दमट हवेत, आणि स्टेरॉइडयुक्त मलमांच्या अनिर्बंध वापराने गजकर्णाचे रूपच पालटलेले असताना, या काळजीचे महत्त्व अधिक आहे. दोन्ही बाजूंची चूक महागात पडते. गजकर्णाला सोरायसिस समजून दिलेल्या औषधांनी बुरशी फोफावते, आणि सोरायसिसला गजकर्ण समजल्यास रुग्णाची वर्षे वाया जातात.

६. अपवादांचे शास्त्र

व्हिएन्नामध्ये लिओ फॉन झुम्बुश यांनी १९१० मध्ये एका भाऊबहिणीची हकिकत प्रसिद्ध केली. सोरायसिस असलेल्या या रुग्णांच्या अंगभर वारंवार पुवाच्या पुटकुळ्यांचे उद्रेक होत. पुवाचा हा महापूर सोरायसिसच्या सर्वपरिचित चित्रात बसणारा नव्हता. त्यामुळे हा प्रकार दीर्घकाळ एक दुर्मीळ अपवाद म्हणून पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या परिच्छेदात राहिला. १९८० मध्ये फ्रान्समध्ये औषधांमुळे उद्भवणाऱ्या, बाह्यतः अगदी अशाच दिसणाऱ्या एका विकाराला स्वतंत्र नाव देण्यात आले. या दोहोंत भेद करताना इओसिनोफिल या श्वेतपेशींचे आधिक्य औषधजन्य विकाराकडे बोट दाखवते, परंतु तोही निर्णायक पुरावा नव्हे.

भाऊ आणि बहीण या नात्यात दडलेली सूचना २०११ मध्ये उलगडली. ट्युनिशियातील कुटुंबांच्या अभ्यासातून असे आढळले की अशा काही रुग्णांत इंटरल्यूकिन-३६ या दाहकारक संदेशरेणूला लगाम घालणाऱ्या प्रथिनाचे जनुकच सदोष असते. लगाम सुटला की न्यूट्रोफिलांचा लोंढा त्वचेत येतो. या संदेशमार्गाला अडवणारे स्पेसोलिमॅब हे औषध सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ज्या प्रकाराला अपवाद म्हणून बाजूला ठेवले होते, त्याचीच यंत्रणा इतक्या स्पष्टपणे समजली.

दुसऱ्या एका प्रकारच्या अपवादाचा उलगडा काळाच्या विचारातून झाला. १९६६ मध्ये डेट्रॉइटचे पिंकस व मेहरेगान यांनी असे मत मांडले की त्वचेतील उंचवट्यांतील केशवाहिन्यांमधून श्वेतपेशी आणि द्रव अधूनमधून पिचकारीप्रमाणे वर फेकले जातात. पिचकारी उडते तेव्हा न्यूट्रोफिल दिसतात, एरवी दिसत नाहीत. पुढे १९७९ मध्ये रागाझ आणि ॲकरमन यांनी सोरायसिसच्या चट्ट्याची उत्पत्ती, वाढ आणि ऱ्हास अशा अवस्थांनुसार मांडणी केली. अगदी कोवळ्या चट्ट्यात बाह्यत्वचा जाड झालेली नसते आणि कणिकास्तर शाबूत असतो. पेशींच्या मध्ये थोडा द्रव साचलेला असतो आणि केशवाहिन्यांभोवती पेशी जमलेल्या असतात. हे चित्र पाठ्यपुस्तकातील सोरायसिसपेक्षा इसबाच्या अधिक जवळचे आहे. ओसरत्या चट्ट्यात कणिकास्तर परत येतो. म्हणजे ज्यांना 'असामान्य' म्हटले जात होते त्यांपैकी अनेक लक्षणे ही एकाच रोगाची वेगवेगळ्या वयांतील छायाचित्रे होती. हेब्रा यांनी रुग्णशय्येजवळ जे ओळखले होते, त्याची ओळख आता काचेवरही पटली.

तिसऱ्या प्रकारच्या अपवादांचे कारण जागा आणि परिस्थिती यांत असते. तळहात व तळपाय यांच्या जाड त्वचेत सोरायसिस असतानाही पेशींमध्ये द्रव साचतो आणि इसबाशी त्याचा घोटाळा होतो. एचआयव्हीबाधित रुग्णांच्या सोरायसिससदृश चट्ट्यांत मृत पेशी आणि प्लाझ्मा पेशी आढळतात. प्लाझ्मा पेशी दिसल्या की उपदंशाचीही शंका घ्यावी लागते, कारण उपदंशाची दुसरी अवस्था सोरायसिसचे सोंग उत्तम वठवते. एकविसाव्या शतकात यात आणखी एक भर पडली. टीएनएफ या संदेशरेणूला रोखणारी जी जैविक औषधे सोरायसिसवर दिली जातात, त्यांच्यामुळेच काही रुग्णांत सोरायसिससारखे नवे चट्टे उठतात आणि त्यांत इओसिनोफिल व प्लाझ्मा पेशी यांचे मिश्रण दिसू शकते. औषध आणि रोग यांची सीमारेषाच येथे धूसर होते.

मन्रोच्या जंतुविरहित पुवाचे कोडेही या प्रवासात सुटत गेले. १९७९ मध्ये म्युलर व हेरमान यांनी सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधाने चट्टे जातात असे नोंदवले, आणि सोरायसिस हा केवळ त्वचापेशींच्या अतिवाढीचा रोग नसून प्रतिकारसंस्थेचा आहे, या विचाराला बळ मिळाले. पुढे असे आढळले की टी-लसिकापेशींनी सोडलेला इंटरल्यूकिन-१७ हा रेणू त्वचापेशींना चेतवतो, त्या न्यूट्रोफिलांना आकर्षित करणारी रसायने सोडतात आणि न्यूट्रोफिल वरच्या थराकडे धाव घेतात. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले सेक्युकिनुमॅब हे औषध याच रेणूला अडवते. १८९८ च्या टिपणातील सूक्ष्म ठिपक्याचा अर्थ लागायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

७. मुंबईतील संदर्भ : दिसणे आणि असणे

मन्रो यांचे टिपण ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १८९८ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण त्या शेजारी ठेवून पाहिल्यास बोध होतो. त्या कायद्यान्वये जी व्यक्ती निर्धन कुष्ठरोगी आहे असे पोलीस अधिकाऱ्याला 'दिसेल', तिला अधिपत्राविना अटक करता येत असे. वैद्यकीय तपासणी त्यानंतरची होती. म्हणजे निदानाची पहिली पायरी पोलिसाच्या नजरेवर सोपवलेली होती. ज्या नजरेने शतकानुशतके खवला आणि व्रण यांना एकाच शब्दात बसवले, ती नजर भेदभाव कितपत करू शकली असेल, याची कल्पना करता येते.

विरोधाभास असा की त्याच काळात मुंबईत कुष्ठरोगाचे शास्त्रीय आकलन बरेच पुढे गेलेले होते. ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शरीररचनाग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे १८५८ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करू लागले. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी ते १८७३ मध्ये नॉर्वेला गेले. आर्माउअर हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू पाहिला तेच हे वर्ष. १८७४ मध्ये कार्टर यांचा कुष्ठरोगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी पोवाड्यांचे संकलक म्हणून आपल्याला परिचित असलेले हॅरी ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना १८९० मध्ये माटुंगा येथे निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. पुढे विसाव्या शतकात विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईत कुष्ठरोगाच्या प्रारंभिक चट्ट्यांच्या ऊतिरचनेवर मूलभूत काम केले. त्यांचा अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

कुष्ठरोगात आघात होतो तो चेतातंतूंवर, म्हणून चट्ट्यावरची संवेदना जाते. सोरायसिसच्या चट्ट्यावर ती शाबूत असते. हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, तसाच तो कापसाच्या बोळ्याने केलेल्या साध्या तपासणीतही कळतो. ज्ञान उपलब्ध होते, तपासणी स्वस्त होती. तरीही १८९८ चा तो कायदा संपूर्ण देशातून रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असण्याची तरतूद २०१९ मध्ये वगळली गेली. जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसविषयी ठराव संमत करून तो असंसर्गजन्य असल्याचे व रुग्णांना कलंक सोसावा लागत असल्याचे नमूद केले ते २०१४ मध्ये. हेब्रा यांनी नाव वेगळे केल्याला तेव्हा १७३ वर्षे झाली होती.

येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. सोरायसिसच्या रुग्णाची 'हा कुष्ठरोग नव्हे' अशी सुटका करताना कुष्ठरोग्यावरील कलंक नकळत पक्का होतो. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. त्यामुळे दोन रोगांतील भेद सांगायचा तो उपचारासाठी. एकाला निर्दोष आणि दुसऱ्याला दोषी ठरवण्यासाठी तो सांगू नये.

८. समारोप

सोरायसिसच्या सूक्ष्मदर्शकीय इतिहासातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की नामांकित खुणा या शोधाच्या पाऊलखुणा आहेत, निदानाच्या मोहरा नव्हेत. आउसपिट्झ, मन्रो व कोगोय या तिन्ही नावांच्या बाबतीत हे दिसून येते. दुसरा असा की अपवाद ही शास्त्राची अडगळ नाही. झुम्बुश यांचे भाऊबहीण, कोवळ्या चट्ट्यातील इसबसदृश चित्र आणि जंतूविना जमलेला पू यांनीच रोगाची यंत्रणा उघड केली. तिसरा निष्कर्ष असा की काचेवरचा काप हा एका जागेचा आणि एका क्षणाचा असतो. रुग्णाचा पूर्वेतिहास, चट्ट्याचे वय, घेतलेली औषधे आणि शरीरावरील जागा यांच्याशी सांगड घातल्याविना त्याचे वाचन अपुरे राहते. विकृतिशास्त्राकडे नमुना पाठवताना 'त्वचेचा तुकडा' एवढेच न लिहिता या चार गोष्टी लिहिणे, हा या इतिहासाचा अगदी व्यवहारी धडा आहे.

अध्यापकांच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. पाठ्यपुस्तकातील चित्र हे अनेक चित्रांमधून निवडलेले असते. विद्यार्थ्याला ते शिकवलेच पाहिजे, कारण नियम ठाऊक नसेल तर अपवाद ओळखता येत नाही. परंतु नियम शिकवताना तो कोणी, केव्हा व किती रुग्णांच्या आधारे सांगितला, हेही सांगितले गेले, तर विद्यार्थी त्याची पडताळणी करण्यास धजेल. आउसपिट्झच्या खुणेची मोजणी १९९० पर्यंत थांबली, त्याचे एक कारण हा प्रश्न वर्गात विचारला गेला नाही हेही असावे. ज्या रोगात चुकीच्या नावाची किंमत रुग्णाला समाजात मोजावी लागते, तेथे असा प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे अध्यापनाचे आवश्यक अंग मानले पाहिजे.